यंत्राला माणूसपण देताना या चुका टाळा

आपोआप चालणाऱ्या यंत्राला काम जमायच्या आतच त्याचं बारसं उरकायची घाई मला कळत नाही. पहिल्याच बैठकीत नाव ठरतं, आवाज ठरतो, स्क्रीनवर डोळे मिचकावू लागतात. इकडे रोबो व्हॅक्यूमचा सेन्सर काळा गालिचा दिसला की पायरी समजून जागीच थांबतो.

नवशिक्यांची आवडती चूक म्हणजे वाढलेला विश्वास हीच कमाई समजणं. २०१४ मध्ये वेट्झ, हेफनर आणि एप्ली या संशोधकांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर प्रयोग केला. स्वयंचलित गाडीला ‘आयरिस’ हे नाव आणि बाईचा आवाज दिला, तर लोकांनी तिच्यावर तसल्याच बिननावाच्या गाडीपेक्षा जास्त भरवसा ठेवला. अपघातानंतर तिला दोषही कमी दिला. हे दाखवून जो तो आवाजासाठी बजेट मागतो. पण त्या अपघातात चूक दुसऱ्या गाडीची होती, हे कुणी वाचतच नाही! स्वतःच्या यंत्राच्या चुका नावावर खपतील, असं त्यातून निघत नाही.

उलटंच घडतं. एका टीमचा सफाई रोबो ब्रशमध्ये वायर गुंतली की लाडात म्हणायचा, “अय्या, अडकले ना मी!” डेमोत सगळे खूश. ग्राहकांनी रोज तेच ऐकलं आणि तक्रारी आल्या: “मुद्दाम करते”, “नाटकं करते”. मुका डबा अडकला तर माणूस वायर काढून मोकळा होतो. बोलक्याला हेतू चिकटवतो. चॅटबॉटवरच्या २०२२ च्या एका अभ्यासातही आधीच चिडलेले ग्राहक माणसासारख्या बॉटवर अधिक नाराज झाले, कारण त्याच्याकडून अपेक्षाच जास्त होत्या.

माझी सवय अशी: बिघाड झाला की आवाज कोरडा. “ब्रशमध्ये वायर अडकली आहे. ती काढून बटण दाबा.” बस्स. गंमत करायचीच तर काम फत्ते झाल्यावर. मॅनेजर ‘पर्सनॅलिटी कमी वाटते’ म्हणतात, म्हणू देत.

हुबेहूब माणसाचा चेहरा नको. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरींनी १९७० मध्येच सांगितलंय की जवळजवळ माणूस दिसणारं यंत्र अंगावर काटा आणतं. हुकूम झेलणारा आवाज बाईचाच हवा, हा हट्टही सोडा. युनेस्कोने २०१९ मध्ये त्यावर टीका केली आहे. बडबड बंद करायचं बटण सेटिंगच्या तळाशी पुरू नका.

आणि पाच मिनिटांच्या डेमोवर चाचणी संपवू नका. यंत्र लोकांकडे काही आठवडे राहू द्या, मग ते त्याला कोणत्या नावाने हाक मारतात ते ऐका. बहुतेकदा ते तुम्ही ठेवलेलं नसतं.