बटेर पाळायचेत? खुशाल पाळा, फक्त सोडायचं डोक्यातून काढा

यूट्यूबवर इंग्लंडचे व्हिडिओ बघून लोक मला विचारतात, तिकडे फेजंट (कोंबडीसारखा रानपक्षी) पिंजऱ्यात वाढवून हजारोंनी रानात सोडतात मग आपण शेतात चार बटेर सोडले तर काय बिघडलं? अहो ते शिकारीसाठी सोडतात, आणि तिकडेसुद्धा संरक्षित जागेच्या आसपास सोडायचं म्हटलं की लायसन्स आणि अटी आहेतच. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्यात पूर्वी परवाना काढून शिकार करायची सोय होती ती १९९१ च्या दुरुस्तीत काढून टाकली. म्हणजे वाढवा-सोडा-मारा हा प्रकार इथे नाहीच. उरलं ते पाळणं. तेही तित्तिर नाही, रानकोंबडी नाही, रानातला लाव्हा तर नाहीच नाही. पाळायचा तो जपानी लाव्हा, ज्याला बाजारात सगळे बटेर म्हणतात. हा १९७४ ला अमेरिकेतून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला संशोधनासाठी आणला आणि तिथून देशभर पसरला.

मध्ये २०११ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने याच्या नवीन फार्मना परवानगी देऊ नका असं राज्यांना कळवलं होतं, पुढे ते बंधन उठलं. पण ते जुनं कात्रण अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय आणि लोक घाबरतायत. घाबरू नका, कागद नीट ठेवा.

पिल्लं घ्याल ती हॅचरीतूनच, पक्क्या बिलावर, आणि बिलावर नुसतं 'बटेर' नको, 'जपानी लाव्हा' असं लिहून घ्या. आठवडी बाजारात टोपलीत विकायला बसतो त्याच्याकडून स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका, त्यात रानातून धरलेले असतात. ओळखायचं असेल तर नर हातात घ्या, छातीवर काळा डाग आणि गळ्यावर काळे-पांढरे पट्टे असले तर तो रानातला पावसाळी लाव्हा, तिथूनच परत फिरा. फार्मचा नर छातीला विटकरी, मादीची छाती फिकट आणि त्यावर काळे ठिपके. पण फक्त रंगावर जाऊ नका, हिवाळ्यात बाहेरून येणारा रानातला लाव्हा बराचसा असाच दिसतो, म्हणून तर बिल. ग्रामपंचायतीला सांगा, पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या कानावर घाला, एक वही ठेवा. झालं.

पिंजरा एक तर दहा इंच उंचीचा करा नाहीतर माणूस उभा राहील एवढा. मधलं काही करू नका, कारण हा पक्षी दचकला की सरळ वर उडतो आणि दोन-अडीच फुटाच्या जाळीत डोकं फोडून घेतो. शेडला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

पिल्लांचा पहिला आठवडा ३५-३६ अंश. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा, बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोच उघडून बसली तर जास्त झालं. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, जेमतेम आठ-दहा ग्रॅमचं पिल्लू असतं ते, बोटभर पाण्यात बुडतं. खाली गुळगुळीत पेपर नको, पाय फाकतात, गोणपाट टाका. बाकी खाद्य, लाईट हे कुणीही सांगेल.

आता खरी भानगड. जास्तीच्या पक्ष्यांचं करायचं काय? तीन आठवड्यांनी छातीचा रंग दिसतो आणि कळतं की निम्मे नर निघाले, मग ते एकमेकांची डोकी टोचून रक्तबंबाळ करतात, खाद्य संपवतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, सोडून द्या ना शेतात, पुण्य लागेल. या पुण्याचं काय होतं ते मी बांधावर उभं राहून बघितलंय. सोडलेला बटेर पळत नाही हो. सोडला तिथेच गवतात उभा राहतो, डब्याचा आवाज येतोय का बघतो, माणूस दिसला की जवळ येतो. मांजर दिसलं तरी जवळच येतो. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात अंड्यासाठी निवडलेला पक्षी आहे हा, रानातल्यापेक्षा जड, आणि फार्मची मादी अंड्यावर बसतच नाही. अंडं घालते आणि पुढे चालू लागते. म्हणजे सोडून संख्या वाढेल, शेतात लाव्हे दिसतील, ही जी गोड कल्पना आहे ना ती आधी डोक्यातून काढा. शिक्रा, मुंगूस, कुत्री, कावळे, कुणी ना कुणी लगेच उरकतं.

आणि समजा चार जगलेच, तर उलट जास्त वाईट. हिवाळ्यात आपल्या माळावर स्थलांतर करून येणारा जो रानातला लाव्हा आहे, त्याच्याशी जपानी लाव्ह्याचा संकर होतो. स्पेनमध्ये शिकारीसाठी फार्मचे लाव्हे सोडले तिथे असे संकर सापडलेत. अशा पिल्लांची स्थलांतराची ओढ कमी होत असावी असा पक्षी अभ्यासकांचा संशय आहे. शिवाय कॉक्सी (आतड्याचा रोग), राणीखेत, जे काय तुमच्या शेडमध्ये आहे ते सगळं बरोबर जातं. बर्ड फ्लूचं तर बोलूच नका, २००६ ला नवापूरला काय झालं ते नंदुरबारच्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला विचारा, आणि २०२१ ला परत तेच. साथ आली की एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारतात आणि दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवतात. तुमचे सोडलेले पक्षी कुणाच्या परसात चरतायत ते त्या वेळी कोण सांगणार?

कायद्याने बघाल तर पाळलेल्या प्राण्याचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत त्याला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा १९६० खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, हसू नका, कायदाच त्या जमान्यातला.

मग नरांचं काय? नुसती खायची अंडी हवी असतील तर नर लागतच नाही, मादीच घ्या. पिल्लं काढायची असतील तर तीन माद्यांना एक नर पुरे. बाकीचे पाच आठवड्यांना विका, गिऱ्हाईक आधी बघा आणि मग अंडी उबवायच्या मशीनमध्ये ठेवा. लोक उलटं करतात, सतरा-अठरा दिवसांत पिल्लं निघतात म्हणून मशीन रिकामं ठेवायला जीव होत नाही, आणि मग सोडायची भाषा सुरू होते. ज्याला विकायलाही नको, मारायलाही नको, त्याने मशीन घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी भानगड याच्या उलटी. सोयाबीन काढताना, गवत कापताना रानातल्या लाव्ह्याचं घरटं किंवा पिल्लं सापडतात आणि शेजारी टोपीत घालून आणून देतो, 'तुमच्याकडे मशीन आहे, वाढवा आणि मग सोडा'. घेऊ नका. अंडी-घरटं मोडणं, पिल्लं धरणं हे सगळं कायद्यात शिकारच धरलंय, तीन वर्षं कैद आणि लाखभर रुपये दंडापर्यंत जाऊ शकतं. तुमच्या पिल्लांत मिसळली तर रोगाने दोन्हीकडची जातील ते वेगळंच. या पिल्लांना आई भरवत नाही, ती जन्मल्या दिवसापासून तिच्यामागे पळतात आणि स्वतः टिपतात, त्यामुळे ती अनाथ नसतात, आई दहा-वीस पावलांवर दबून बसलेली असते. शेजाऱ्याला तसंच मागे पाठवा, जिथे सापडली तिथेच ठेवायला सांगा, तेवढा तुकडा न कापता राहू द्या, आणि महत्त्वाचं म्हणजे तिथून निघून जा. दहा जण मोबाईल घेऊन उभे राहिले तर ती कशी येणार? माणसाचा हात लागला की आई टाकते हे खोटं आहे.

जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ नंबरला फोन करा. खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, पाणी चोचीत ओतू नका. रानातला पक्षी तुमच्या ताब्यात आला की ४८ तासांत कळवणं बंधनकारक आहे, चांगल्या मनाने ठेवला होता हे नंतर सांगून उपयोग नाही. बरा झाल्यावर कुठे, कधी सोडायचा हे तेच ठरवतात.

आणि तुमचेच पळाले तर? शेडच्या बाहेर जमिनीवर खाद्याची ताटली ठेवा, पिंजऱ्यात दोन माद्या तिथेच शेजारी ठेवा, संध्याकाळी त्यांच्या आवाजावर बरेचसे परत येतात, पळापळ करून हाकलू नका, जाळी वरून अलगद टाका. आलेले पंधरा दिवस वेगळ्या पिंजऱ्यात. न आलेले किती, तारीख टाकून वहीत लिहा, आणि आसपास कोंबड्या मरायला लागल्यात असं कानावर आलं तर ती वही घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.