पोरगं फास्ट बॉलिंग करतंय? मग या चुका टाळा

माझा भाचा 14 वर्षांचा, उजव्या हाताने फास्ट टाकतो. दिवाळीच्या सुट्टीत कंबर दुखते म्हणायला लागला, तीही डावीकडेच, बोट ठेवून जागा दाखवायचा. आम्ही काय केलं, तर बाम चोळला आणि शनिवारी परत मॅचला पाठवला! इथेच चुकलं. उजव्या हाताच्या बॉलरला कमरेत डावीकडे दुखत असेल, मागे वाकलं की वाढत असेल आणि आराम केला की थांबत असेल तर ते मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं, आणि सुरुवातीला ते एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो. आमचाही एक्स-रे नॉर्मल आला म्हणून अजून तीन आठवडे तो खेळत राहिला. पेनकिलर देऊन तर अजिबात खेळवू नका.

त्याचे ओव्हर कोणीच मोजत नव्हतं. शाळेची टीम वेगळी, अकॅडमी वेगळी, रविवारी सोसायटीत टेनिस बॉल, प्रत्येक सरांना फक्त आपल्याकडचे ओव्हर माहीत आणि नेट्समधले बॉल तर कुणी धरतच नाही. एक वही करा, रोजचे सगळे बॉल लिहा. या वयात उंची भराभर वाढते, हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागे राहतात, म्हणून दर महिन्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करा, उंची एकदम वाढलेली दिसली की बॉलिंग कमी.

आता फिटनेस सर्टिफिकेट. ओळखीच्या डॉक्टरकडून सही-शिक्का आणला की झालं, असं नका करू हो. बीसीसीआयच्या वयोगटाच्या स्पर्धांसाठी मनगटाचा एक्स-रे काढतात, त्यालाच काही पालक मेडिकल समजतात, पण तो फक्त हाडांचं वय बघायला असतो. पळताना चक्कर येते का, छातीत दुखतं का, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका. इटलीत 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्यांची ईसीजीसकट तपासणी कायद्यानेच होते. आणि मैदानात पळता पळता पोर बेशुद्ध पडलं तर ऊन लागलं असेल म्हणून सोडून देऊ नका, खेळ बंद आणि थेट हार्टचे डॉक्टर.

भाच्याची बॉलिंग साडेचार महिने बंद होती. आता आठवड्यातून तीनच दिवस टाकतो, वही किटबॅगमध्येच असते, सर अजून एक ओव्हर म्हणाले की काढून दाखवतो.