जुन्या फोटोतली पोलिसांची लांब बॅरलची रिव्हॉल्व्हर कशी ओळखायची

नाशकात पोलिसांत आजोबा असलेली घरं बरीच, त्र्यंबक रोडला अकॅडमीच आहे म्हटल्यावर, त्यामुळे युनिफॉर्मवाला एखादा फोटो ट्रंकेत निघतोच. मोबाईलवर फोटो काढून झूम करा, फ्लॅश नको, चकाकतं.

आधी होल्स्टर, म्हणजे कमरेचं रिव्हॉल्व्हर ठेवायचं पाकीट बघा. फ्लॅपचं असेल तर बॅरल (नळी) दिसणारच नाही, पण मुठीच्या तळाला कडी आणि तिला दोरी असेल तर वेब्ली किंवा एनफिल्ड या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचा चान्स जास्त. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, .38 वाली (.38 हे गोळीचं माप) वेब्ली मार्क 4 ची बॅरल साधारण 5 इंची, आणि ती मधून मोडून उघडते, सिलिंडर (गोळ्या भरायचा फिरता भाग) बाजूला येत नाही.

लांबी मोजायची ट्रिक: सिलिंडरची लांबी धरा एक माप. अमेरिकन .38 मध्ये ते साधारण दीड इंच, मग बॅरल चारपट दिसली की 6 इंची, अडीचपट म्हणजे 4 इंची. फोटो तिरका असेल तर सोडून द्या, उगाच अंदाज नको.

बॅरलखालचा दांडा पुढे टोकाला अडकलेला दिसला तर बहुतेक अमेरिकन कंपनी स्मिथ अँड वेसनची, तिथल्याच जुन्या कोल्टचा मोकळा असतो.

6 इंची का घ्यायचे? दोन्ही साईट्समधलं (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं) अंतर वाढतं, नेम धरायला सोपं, गोळीचा वेगही थोडा जास्त. लॉस एंजेलिसच्या पोलिसांकडे अशाच होत्या. गाडीत बसताना मात्र मांडीला टोचणार, म्हणून बऱ्याच ठिकाणी 4 इंचीच चालली.