छोट्या बोटीने समुद्रात जाताना: तरंगत राहण्याची आणि सापडण्याची तयारी

मांडव्याहून खांदेरीपर्यंत शिडाच्या बोटीने जाऊन यायचे असो किंवा दाभोळच्या खाडीत इंजिनाची लहान होडी फिरवायची असो, बरोबर न्यायच्या साहित्यामागे दोनच प्रश्न असतात. बोट गेली तर माणूस पाण्यावर राहील का, आणि शोधायला निघालेल्यांना तो दिसेल का? परवाना आणि तपासणी यांसाठी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सागरी मंडळाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात जावे लागते, तर नद्या आणि धरणांच्या जलाशयांतील यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. तपासणीच्या वेळी दाखवावे लागणारे साहित्य हे किमान साहित्य असते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

लाईफ जॅकेट बाकाखाली बांधून ठेवले तर ते नसल्यासारखेच आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. बोट कलंडू लागल्यावर गाठी सोडवून जॅकेट चढवणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही साधत नाही, म्हणून धक्का सोडण्यापूर्वीच सर्वांनी ते घालावे, असा माझा आग्रह आहे. जॅकेटवर न्यूटनमध्ये छापलेला आकडा, म्हणजे ते किती जोराने वर उचलून धरते तो, वाचून घ्यावा. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला मदत जवळ असेल तेव्हा आधार देते, पण बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर राहील अशी हमी ते देत नाही. उघड्या समुद्रासाठी १५० न्यूटनचे जॅकेट घ्यावे. पट्टे आवळल्यावर दोन्ही हात वर करायला सांगावे आणि दुसऱ्याने जॅकेट खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहावे. ते कानांपर्यंत सरकले, तर पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे आणि लेबलावरचे वजन मुलाच्या वजनाशी जुळले पाहिजे. जॅकेटला दोरीने बांधलेली शिट्टीही तपासावी, कारण ओरडणाऱ्याचा आवाज थोड्याच वेळात बसतो, शिट्टी मात्र वाजत राहते.

मदत मागण्याचे पहिले साधन व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीबोटींत बोलण्याचा बिनतारी संच, हेच मानावे. १५५४ या क्रमांकावर तटरक्षक दलाला मोबाईलवरून कळवता येते आणि ते जरूर कळवावे, परंतु फोन एकालाच ऐकू जातो. चॅनेल १६ वरची, म्हणजे संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या चॅनेलवरची हाक मात्र टप्प्यातली प्रत्येक सावध बोट ऐकते, आणि सर्वांत आधी पोहोचणारी मदत पुष्कळदा शेजारच्या मच्छीमार बोटीचीच असते. ‘मेडे’ हा जिवाला धोका असल्याचे सांगणारा शब्द तीनदा, मग ‘धिस इज’ म्हणून बोटीचे नाव तीनदा, त्यानंतर पुन्हा एकदा ‘मेडे’ आणि बोटीचे नाव, मग ठिकाण, काय झाले, कोणती मदत हवी, बोटीवर माणसे किती, आणि शेवटी ‘ओव्हर’, असा क्रम असतो. ठिकाण आधी सांगण्याचे कारण उघड आहे: रेडिओ मध्येच बंद पडला तरी कुठे यायचे एवढे तरी कळलेले असते. अक्षांश-रेखांशाचा आकडा एकेक अंक सुटा करून वाचावा; तो हाताशी नसेल तर ‘खांदेरीच्या दीपगृहापासून पश्चिमेला दोन सागरी मैल’ असे सांगितले तरी चालते. हा क्रम कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवावा, कारण त्या क्षणी रेडिओ तांडेलाच्याच, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्याच, हाती असेल असे नाही. जिवाला धोका नसेल, म्हणजे नुसते इंजिन बंद पडले असेल, तर ‘मेडे’ न म्हणता ‘पॅन-पॅन’ म्हणावे. आणि किनारा जवळ असेल तर बोलण्याआधी नांगर टाकावा.

रेडिओ बाळगायला परवाना लागतो. परदेशात राहणारे आपले लोक कधी कधी तिकडचा सॅटेलाईट फोन किंवा उपग्रह संदेशयंत्र सोबत आणतात, पण दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून ते भारतात बाळगणे गुन्हा ठरतो आणि अटकही होऊ शकते.

फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवून दाखवायची खुणेची नळी, कोणती आणि केव्हा वापरायची, याची उजळणी बंदरातच करावी. लाल रॉकेट फ्लेअर सुमारे ३०० मीटर उंच जाते आणि पॅराशूटला लटकून ४० सेकंद जळते, म्हणून दूरच्यांना कळवण्यासाठी ती वापरावी. हातात धरायची लाल फ्लेअर साधारण एक मिनिट टिकते. मदत दृष्टीच्या टप्प्यात आल्यावर आपली नेमकी जागा दाखवण्यासाठी ती राखून ठेवावी. नारिंगी धूर सोडणारी फ्लेअर दिवसाच कामाची. हातातली फ्लेअर वारा जिकडे जातो त्या बाजूला, हात लांब करून बोटीबाहेर धरावी आणि नजर दुसरीकडे वळवावी, कारण तिच्यातून तापलेला रस गळतो आणि तो रबरी बोटीला भोक पाडतो. रॉकेट वारा जिकडून येतो तिकडे वळते, म्हणून ते सोडताना वारा जिकडे जातो त्या बाजूला किंचित कलते धरावे. नळीवर छापलेली मुदत बहुधा तीन वर्षांची असते. मुदत संपलेल्या फ्लेअर दिवाळीत उडवणे हा खोटा संकटसंदेश ठरतो, आणि त्यापायी बचावाची माणसे खरोखर बाहेर पडतात.

फ्लेअर संपल्या तरी हात शिल्लक असतात. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहणे ही आंतरराष्ट्रीय नियमांत नोंदवलेली खूण आहे. एकच हात हलवला तर समोरचा रामराम समजून हात हलवतो आणि निघून जातो. रात्री विजेरीने तीन लहान, तीन लांब, तीन लहान असे झोत टाकावेत. बोट उलटली आणि तरंगत असली, तर तिला धरून राहावे. किनारा दिसतो म्हणून पोहत निघू नये. ओहोटीच्या पाण्यात तो दिसतो त्याहून खूप दूर असतो, आणि उलटलेले बोटीचे बूड लाटांतल्या एका डोक्यापेक्षा कितीतरी लवकर नजरेस पडते.

निघताना किनाऱ्यावरच्या एका माणसाला मार्ग, माणसांची संख्या आणि परतण्याची वेळ सांगावी, आणि ती वेळ टळली तर १५५४ ला कळवायचे हेही ठरवून ठेवावे. परतल्यावर पहिला फोन त्यालाच करावा. संकटसंदेश चुकून गेला असेल, तर यंत्र बंद करून गप्प बसू नये. चॅनेल १६ वर किंवा तटरक्षक दलाला तत्काळ सांगून तो रद्द करावा.