स्प्रे गन: वापर, सफाई आणि निगा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत पावसाळ्यात रंगकाम करणाऱ्याने आधी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी सोडून द्यावे, कारण ते नळीतून गनपर्यंत पोहोचले की रंगावर फोड येतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग तर दमट हवेत पांढरट पडतो. संततधारेच्या दिवशी तो मारूच नये.

पातळ केलेला रंग बारीक जाळीतून गाळावा. गन पृष्ठभागाशी काटकोनात, साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर धरावी, हात सरळ रेषेत न्यावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. दाब उत्पादकाने सांगितलेलाच ठेवावा. तो वाढवल्याने काम लवकर उरकत नाही, रंग मात्र हवेत उडून वाया जातो.

कारागिराची खरी पारख सफाईत होते. काम संपताच कप रिकामा करून धुवावा आणि स्वच्छ थिनर गनमधून फवारावे. मग हवेची नळी काढून, उरलेला दाब सोडून, आधी सुई (रंगाची वाट उघडबंद करणारी) व नंतर नोझल (रंग बाहेर पडणारे तोंड) काढावे, म्हणजे दोन्ही एकमेकांवर घासत नाहीत; जोडताना क्रम उलटा. नोझलवरच्या एअर कॅपची (हवा सोडणाऱ्या टोपीची) छिद्रे मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने मोकळी करावीत. तार घातल्यास छिद्राचा आकार बिघडतो आणि फवारा कायमचा वाकडा पडतो. अख्खी गन रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवण्याची सवय सोयीची वाटली, तरी तिने पॅकिंग (गळती अडवणारे सील) खराब होते व विरघळलेला रंग हवेच्या मार्गात शिरतो. शेवटी सुईच्या पॅकिंगवर आणि ट्रिगरच्या सांध्यावर सिलिकॉनविरहित तेलाचा थेंब द्यावा.

थिनरची वाफ पेट घेते, त्यामुळे जवळपास वेल्डिंग किंवा विडी नको, आणि साध्या रुमालाऐवजी रासायनिक वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क वापरावा.