भर मे महिन्यात पॅनल कमी वीज का देतं? सोलरच्या कामात नवीन येणाऱ्यांसाठी

आयटीआय इलेक्ट्रिशियन करून मी सोलरच्या कामाला लागले तो महिना मे होता, नागपुरात पारा 45 च्या वर. मानेवाड्याला एका काकांकडे गेलो तर ते म्हणाले, "बेटा, पाच किलोवॅटचं बसवलं ना, मग एवढ्या उन्हात इन्व्हर्टर चारच का दाखवून राहिलं?" मी पटकन बोलून गेले, पॅनलमध्ये फॉल्ट असेल. खाली उतरल्यावर सोबतच्या दादांनी मला अर्धा तास चहाच्या टपरीवर बसवून शिकवलं, ते आजपर्यंत कामी येतंय.

ऊन म्हणजे उजेड पण आणि उष्णता पण, सेलला, म्हणजे पॅनलमध्ये दिसणाऱ्या सिलिकॉनच्या एकेका चौकोनाला, त्यातला फक्त उजेड पाहिजे. सिलिकॉनच्या एका थरात फॉस्फरस मिसळलेला असतो, दुसऱ्यात बोरॉन, आणि हे थर जिथे भेटतात तिथे एक विद्युत क्षेत्र आपोआप तयार होतं. उजेडातला फोटॉन आत आला, त्याच्यात 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (हे ऊर्जेचं एक बारीक माप) वर दम असला, की तो इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवतो, ते क्षेत्र त्याला एका बाजूला ढकलतं, रिकामी झालेली जागा दुसऱ्या बाजूला जाते, बाहेरून वायर जोडली की करंट सुरू. एका सेलचे जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट, म्हणून कितीतरी सेल सिरीजमध्ये लावून पॅनल बनतं.

आता पॅनलवर छापलेले वॅट असतात सेल 25 डिग्रीला असताना मोजलेले. आपल्याकडे मेमध्ये सेल आरामात 65 ला जातो, आणि सिलिकॉन तापलं की व्होल्टेज पडतो, साधारण दर डिग्रीला पॉवर 0.35 टक्के कमी. 40 डिग्रीचा फरक म्हणजे 14 टक्के तिथेच गेले, वरून धूळ, वायरिंग, इन्व्हर्टर डीसीचं एसी करतो त्यातला लॉस. काकांचं सिस्टीम एकदम बरोबर चालू होतं! मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्यांना हे सगळं सांगितलं, माफी पण मागितली.

म्हणून पॅनल गच्चीला चिकटवून लावू नका, खालून हवा खेळली पाहिजे. धुवायचं तर सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकलं तर काच तडकू शकते. सावलीकडे तर फार बारीक लक्ष द्या, टाकीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी सिरीजमुळे बाकीच्यांचा करंट अडतो, करंटला बाजूने वाट देणारा बायपास डायोड असतो पण तेवढा भाग तर गेलाच. काटोलकडे संत्र्याच्या बागेत पंपाचे पॅनल बसवताना झाडं पाच वर्षांनी केवढी होतील हे आधी विचारा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक नवीन पोरापोरीला हात धरून सांगते. इन्व्हर्टर बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनलकडच्या डीसी वायरमध्ये व्होल्टेज असतोच, सिरीजमध्ये जोडलेल्या दहा पॅनलची स्ट्रिंग म्हणजे साधारण 400 व्होल्ट. लोड चालू असताना कनेक्टर ओढायचा नाही, डीसीचा आर्क, म्हणजे कनेक्टर सुटताना उडणारी जाळ-ठिणगी, एसीसारखा लवकर विझत नाही. आधी आयसोलेटर (डीसी लाईन तोडणारा स्विच) बंद, मग वायरभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरवर करंट शून्य बघायचा, मगच कनेक्टरला हात.