जुन्या बार्जच्या प्लेटपासून डिजिटल जहाजबांधणीकडे: छोट्या यार्डांसाठी कामाची पद्धत

डिजिटल जहाजबांधणीचा विषय निघाला की चर्चा थेट संपूर्ण जहाजाच्या त्रिमितीय आराखड्यावर आणि त्यासाठी लागणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरवर जाते. 1957 पासून वास्कोत उभ्या असलेल्या आणि नौदल व तटरक्षक दलासाठी गस्तीनौका बांधणाऱ्या गोवा शिपयार्डसाठी तो मार्ग योग्यच आहे. मात्र गोव्यातल्याच रासई किंवा दिवाडीसारख्या ठिकाणच्या छोट्या यार्डाने स्लिपवेवर, म्हणजे पाण्यातून वर ओढून घेण्याच्या उतारावर, दुरुस्तीसाठी चढलेल्या एखाद्या जुन्या बार्जच्या (सपाट तळाच्या मालवाहू नौकेच्या) प्लेट, म्हणजे पोलादी पत्रे, बदलण्याच्या कामापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. मोजमाप, संगणकावरील आकार, यंत्राने कापणी आणि नोंद ही सारी अंगे त्या एका कामात येतात आणि काही चुकलेच तर नुकसान एका प्लेटपुरते राहते.

पहिल्या कामासाठी बार्जच्या मध्यभागातील सपाट तळ किंवा सरळ बाजू निवडावी. नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, वळणदार भाग नंतरसाठी ठेवावा. अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजून आणि वर्गीकरण संस्थेच्या (जहाजांची मजबुती तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या) सर्व्हेअरशी बोलून कोणता भाग कापायचा हे आधी निश्चित करावे. प्रत्येक प्लेटला एकच नाव द्यावे, उदाहरणार्थ ‘डावी बाजू, फ्रेम 14 ते 18, खालून तिसरी ओळ’ (फ्रेम म्हणजे प्लेटना आतून आधार देणाऱ्या, क्रमांक दिलेल्या आडव्या फासळ्या), आणि प्लेटवरील खडूची खूण, जाडीचा तक्ता व संगणकातील फाइल या तिन्ही ठिकाणी तेच नाव अक्षरशः जुळेल याची एका माणसाने जबाबदारी घ्यावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण नावे जुळली नाहीत तर पुढची सगळी अचूकता व्यर्थ जाते.

मोजमाप पहाटे, ऊन चढण्यापूर्वी घ्यावे. पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.012 मिलिमीटर प्रसरण पावते. म्हणजे 60 मीटर लांबीची बार्ज 15 अंशांनी तापली तर ती सुमारे 11 मिलिमीटरने लांबते. शिवाय गोव्याच्या उन्हात एक बाजू तापते आणि सावलीतील बाजू थंड राहते, त्यामुळे बार्ज नुसती लांबत नाही, किंचित वाकतेही. मिलिमीटरची अचूकता देणारा लेझर स्कॅनर भाड्याने आणून दुपारी मोजणी करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. मोजणीच्या वेळचे पोलादाचे तापमान आणि बार्ज ज्या ठोकळ्यांवर टेकली आहे त्यांच्या जागा फाइलमध्येच नोंदवाव्यात. ओला, चकाकणारा पृष्ठभाग लेझरला फसवतो. म्हणून पावसाळ्यात छताखालचा, पुसून कोरडा केलेला भागच मोजावा.

स्कॅनर एका जागी ठेवून सगळे दिसत नाही. तो बार्जभोवती हलवताना शेजारच्या दोन जागांवरून किमान तीन खुणा सामाईक दिसतील अशी व्यवस्था करावी, म्हणजे निरनिराळे स्कॅन एकमेकांशी जोडता येतात. जोडताना छोट्या त्रुटी साठत जातात. म्हणून दोन-तीन लांब अंतरे पोलादी टेपने किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) स्वतंत्रपणे मोजून संगणकातील अंतरांशी ताडून पाहावीत. हा ताळा जमेपर्यंत पुढे जाऊ नये.

स्कॅनमधून लक्षावधी बिंदूंचा ढीग मिळतो. त्यातून प्लेटचा आकार काढण्यासाठी क्लाउडकंपेअर आणि फ्रीकॅड ही मोफत सॉफ्टवेअरे सुरुवातीला पुरेशी आहेत. इथे एक धोका संभवतो. धक्क्याला आपटून बार्जला आलेले पोचेही स्कॅनर इमानेइतबारे टिपतो, आणि नवी प्लेट त्या पोच्यांबरहुकूम काढली तर दोष कायमचा होतो. मूळ रेषा कुठली आणि पोचा कुठला हे ओळखण्यासाठी लॉफ्टच्या, म्हणजे पूर्ण आकाराचे आराखडे काढण्याच्या दालनाच्या, जमिनीवर लवचिक लाकडी पट्टी वाकवून फ्रेमच्या रेषा काढलेल्या जुन्या मेस्त्रींना संगणकाशेजारी बसवावे आणि त्यांचा शब्द अंतिम मानावा. जुने कौशल्य आणि नवी साधने यांचे चांगले जमते, हे गोव्यात बांधलेल्या आणि 2025 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या शिवणीच्या जहाजाने दाखवून दिले आहे: फळ्या काथ्याच्या दोरीने शिवणारे कारागीर आणि प्रतिकृतीच्या चाचण्या घेणारी आयआयटी मद्रास, दोघांचीही त्या कामाला गरज होती.

दोन दिशांना वळणारी प्लेट सपाट पत्र्यावर तंतोतंत उलगडत नाही, कडांना ताण येतोच. असा भाग करण्याची वेळ आली तर कडेला जादा माया ठेवावी आणि लाकडी टेम्पलेट (आकाराचा साचा) लावून पाहण्याची पद्धत सोडू नये.

कापणीचा भाग त्या मानाने सोपा आहे. कापणी यंत्राच्या प्लाझ्माच्या (अतितप्त वायूच्या) ज्वाळेत साधारण 2 ते 3 मिलिमीटर रुंदीचे पोलाद जाते, तेवढी भरपाई यंत्रात द्यावी. फ्रेम कुठे बसणार त्याच्या रेषा प्लेटवर यंत्रानेच उमटवून घ्याव्यात. जुन्या प्लेटच्या मध्येच तुकडा बसवायचा असेल तर तो 300 मिलिमीटरपेक्षा लहान नसावा आणि त्याच्या कोपऱ्यांची गोलाई जाडीच्या पाचपट, किमान 100 मिलिमीटर त्रिज्येची असावी. चौकोनी कोपऱ्यातून तडा जातो. एका पत्र्यात अधिकाधिक तुकडे बसवण्याची मांडणी संगणकावरच करावी. 8 मिलिमीटर जाडीचा, 6 मीटर बाय दीड मीटरचा एक पत्रा सुमारे 565 किलो भरतो, त्यामुळे वाया गेलेली पट्टीही वजनात मोठीच असते.

वेल्डिंगनंतर तोच भाग पुन्हा मोजावा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे, कारण कोणत्या जाडीचा, कोणत्या क्रमाने केलेला जोड किती आकसतो याचा आपल्याच यार्डाचा, आपल्याच वेल्डरांच्या हातचा तक्ता त्यातून तयार होतो. उद्या नव्या जहाजाचे ब्लॉक, म्हणजे मोठे भाग, वेगवेगळे बांधून जोडायचे ठरले तर हेच आकडे लागतील, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरसोबत विकत मिळत नाहीत. मोजणीच्या मूळ फाइली कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडतील अशा खुल्या स्वरूपात, दोन वेगळ्या ठिकाणी जपाव्यात, आणि बार्ज पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांची एक प्रत मालकाच्या हाती द्यावी, म्हणजे बार्ज पुढच्या वेळी दुसऱ्या यार्डात चढली तरी मोजणी शून्यापासून करावी लागणार नाही.